मागच्या बाकापर्यंत

दार नुसतं लोटलेलं होतं. बाईंचा हात त्यावर टेकणार एवढ्यात आतून त्यांच्या मुलीचा आवाज आला. “आईचं ढोंग…” पुढचं काहीतरी पंख्याच्या घरघरीत गेलं, आणि मग स्पष्ट, “…घरात रोज बघते मी!” मग हशा. साधासुधा नव्हे, बाकं बडवून, पाय आपटून, कुणाला तरी ठसका लागेपर्यंत. बाईंनी हात मागे घेतला, दार तापलेलं असावं तसा. शेवटच्या वर्गाची मुलं निरोपाच्या कार्यक्रमाची तालीम करत होती, आणि हॉलच्या किल्ल्या जाताना परत द्या, एवढंच सांगायला मुख्याध्यापकांनी बाईंना पाठवलं होतं. इतकं साधं काम शिपायालाही सांगता आलं असतं. मग मलाच का पाठवलं, असा विचार तेवढ्यातही येऊन गेला, आणि आपल्याला असे विचार किती झटकन येतात याचं त्यांना वाईट वाटलं. फटीतून कुणीतरी पाहिलं असावं. “ए, बाई!” पंखा बंद केल्यावर पाती आणखी थोडी फिरून मग थांबतात, तसा आतला हशा फिरत फिरत थांबला. बाई आत गेल्या तेव्हा सगळे चेहरे एकदम अभ्यासू झाले होते. रंगमंचाच्या कडेला पाय सोडून त्यांची मुलगी बसली होती. इतरांसारखीच तीही उठून उभी राहिली. “काय, बाई?” ती म्हणाली.

शाळेत ती त्यांना बाईच म्हणत असे. ती त्यांच्या वर्गात आली तेव्हा हा नियम बाईंनीच घातला होता. इथं मी कुणाची आई नाही, तू कुणाची मुलगी नाहीस, सगळ्यांना जे तेच तुला. त्यावर तिनं मान तिरकी करून विचारलं होतं, “आणि घरी गेल्यावर तू कुणाची बाई नाहीस ना?” पण नियम तिनं पाळला, इतका पाळला की कधी कधी बाईंनाच तो टोचायचा. एकदा पटांगणात पडून गुडघा फुटला, पायमोजा लाल झाला, आणि ती लंगडत त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, “बाई, रक्त येतंय.” शाळेच्या भिंतींच्या आत तिनं आई हा शब्द उच्चारलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. आज पहिल्यांदा ऐकला, तो ढोंगाला जोडून. म्हणजे गोष्ट शाळेतली नव्हती. शाळेतल्या बाईंची थट्टा करायला शाळेतलं रग्गड होतं. आई म्हटलं म्हणजे घरातलं काढलं. किल्ल्यांचा निरोप देऊन बाई बाहेर आल्या. पाठीमागे दार लावून घेतल्याचा आवाज आला, या वेळी कडीसकट. फिनेलचा वास येणाऱ्या त्या लांब ओसरीतून चालताना त्यांच्या बोटांना सवयीनं पिशवीतली माळ सापडली, पण नाम काही केल्या ओठांवर येईना. ढोंग. शब्द लहान, पण तोंडात धरला की जड. कुठलं ढोंग? पहाटेचा दिवा? संध्याकाळचं मौन? का ते तिसरं, जे कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं?

बाईंचा आवाज मुळातच बारीक. त्यांच्या वडलांना मोठ्यानं बोललेलं खपत नसे, आणि पुढे व्रतांची सवय लागली तसा तो आणखी आत आत गेला. पहाटे दिवा लावून जप झाल्याशिवाय चहा नाही. दिवेलागणीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत मौन, तोंडातून आवाज म्हणून काढायचा नाही. दिवसभरात जो काही आवाज उरत असे तो वर्गात तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचा आणि तिथंच बसायचा. “बाई, ऐकू नाही आलं!” हे मागच्या बाकांचं पालुपद. त्यावर वर्गानंच उपाय काढला होता. पहिल्या बाकावर एक मुलगी होती, तिचा आवाज असा की तिला सगळी शाळा भोंगा म्हणायची आणि ती ओ द्यायची. बाई एक वाक्य सांगायच्या, भोंगा मागे वळून ते मोठ्यानं पुढे ढकलायची, चौथ्या बाकावरून ते सहाव्यावर जायचं, आणि शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत त्याचं भलतंच काहीतरी झालेलं असायचं. समास सोडवा म्हटलं तर मागे सामान सोडवलं जायचं. करुण रसाचा तरुण रस व्हायचा. नायिका विरहाने व्याकूळ झाली आहे, हे वाक्य एका उत्तरपत्रिकेत ‘नायिका विहिरीने व्याकूळ झाली आहे’ असं आलं आणि तपासताना बाई एकट्याच तोंडावर हात ठेवून हसल्या होत्या. एकदा ‘उद्या निबंध आणा’ म्हणाल्या तर अख्खा शेवटचा बाक दुसऱ्या दिवशी शाळेत आलाच नाही. त्यांना ‘उद्या बंद आहे ना’ असं ऐकू गेलं होतं. या सगळ्याची थट्टा होणार, झालीच पाहिजे, त्याचं बाईंना काही नव्हतं. उलट मनातून थोडी वाटच पाहत होत्या. पण हे म्हणजे थट्टा. ढोंग म्हणजे थट्टा नव्हे.

“बाई, यंदा तुमच्यावर खास मेहनत चाललीय म्हणे,” शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. “आमचं काय, दरवर्षीचंच. सर रंगात येतात पण वर्गात येत नाहीत. तुम्ही मात्र नवीन गिऱ्हाईक.”

“कोण म्हणालं?”

“कोण कशाला म्हणायला हवं? हवेतच आहे.” बिस्कीट मोडून कपात पडलं. “गेलं!” असं म्हणून ते चमच्यानं ते शोधायला लागले, आणि बाईंना वाटलं, हे मुद्दामच, आपल्याकडे बघावं लागू नये म्हणून. बातमी हवेत नसते. कुणाच्या तरी तोंडातून निघते आणि कुणाच्या तरी कानात शिरते. मग मुख्याध्यापकांनी बोलावलं. टेबलावरचा काचेचा गोळा उगाच इकडचा तिकडे सरकवत ते म्हणाले, “तुमची मुलगीच आहे त्यांच्यात, म्हणून तुम्हालाच सांगतो. टोमणे असू देत, दोन घटका गंमत. पण कुणाच्या घरात शिरायचं नाही. तुम्ही एकदा सगळं ऐकून घेता का? नको ते काढून टाका.” कुणाच्या घरात शिरायचं नाही, हे यांना का सुचावं? बाईंना हो म्हणता आलं असतं. एक शब्द, आणि सगळं समोर बसवून ऐकून घेता आलं असतं. पण मग मुलीला कळलं असतं की आईला भीती आहे, आणि भीती आहे म्हणजे भिण्यासारखं काहीतरी आहे. “करू द्या त्यांना,” बाई म्हणाल्या. “काय म्हणालात?” मुख्याध्यापकांनी कान पुढे केला. “करू द्या, म्हटलं.” ते कौतुकानं हसले. मोठं मन, म्हणाले. बाई खोलीबाहेर आल्या आणि त्या मोठ्या मनाचाच त्यांना संशय येऊ लागला. हेही ढोंगच की.

घरी दिवा लावला, मौन सुरू झालं. मौनात घर वेगळं ऐकू येतं. नळाची गळती, शेजारच्यांची खुर्ची, नवरा चष्मे पुसतो त्या फडक्याचा सळसळाट. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि घरी येऊनही जो दिसेल त्याचा चष्मा काढून पुसायचा. “तुझी आई बोलत नाही ना, तेव्हाच जास्त ऐकू येतं,” तो मुलीला म्हणायचा. यात गंमत होती आणि खरंही होतं, कारण मौनाची एक पळवाट बाईंनी फार पूर्वीच काढून ठेवली होती. आवाज काढायचा नाही. ओठ हलवायला कुणाची ना होती? दूध उतू जातंय. दार वाजतंय. मोजे कुठे टाकलेस? ओठ नुसते हलायचे, आणि मुलगी अक्षरं शिकण्याच्या आधी ते वाचायला शिकली. तीही तसंच बोलायची, खेळच होता तो दोघींचा. नवऱ्याला त्यातलं काही कळत नसे, तो दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत बसे, काचेपलीकडे पाहावं तसा. मुलगी चारेक वर्षांची असेल तेव्हा एकदा पहाटे उठून आली आणि जप चालू असताना समोर मांडी घालून बसली. बराच वेळ आईच्या ओठांकडे टक लावून पाहिलं, आणि मग खुदकन हसून म्हणाली, “आई, तू देवाला साबण आणायला सांगितलंस.” बाईंची माळ थांबली होती. खरंच सांगितलं होतं. नाम घेता घेता मन कधी न्हाणीघरात गेलं आणि साबण संपल्याचं ओठांवर कधी आलं, त्यांनाच कळलं नव्हतं. त्या दिवशी दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या हसण्यात केवढा भरवसा होता, असं आता वाटतं. तेव्हा ओठांवर साबणाहून मोठं काही नव्हतं.

आता होतं. मुलीनं दूरच्या शहरातल्या एका संस्थेत जायचं मनात घेतलं होतं. जमिनी मोजायच्या, नकाशे काढायचे, असलं काही शिक्षण. “आधी घरातलं अंतर मोज,” असं नवरा म्हणाला होता, पण पैशांची सोय त्यानं मुकाट्यानं करून ठेवली. तिचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. वरची काही नावं गळाली तर तिला जागा, नाहीतर इथंच. कुणी विचारलं की बाई सांगायच्या, देवाच्या मनात असेल तसं होईल. तिला सांगायच्या, तू नीट जा बाळा, माझी काळजी करू नकोस. आणि पहाटे माळ हातात घेतली की दहा-बारा मणी नीट जायचे, मग बोटं पुढे सरकायची आणि ओठ मागे राहायचे. यादी हलू नये. वरचं कुणी गळू नये. जाऊ नये. हिनं जाऊ नये. त्यांनी हे ठरवून कधी मागितलं नाही. नामाच्या आतून ते आपोआप यायचं, भिंतीत ओल यावी तसं. वरून कितीही पुसा. मग त्या पुन्हा पहिल्यापासून माळ धरायच्या, आणि पुन्हा तिथंच. थोड्या दिवसांपूर्वीची एक सकाळ त्यांना आता राहून राहून आठवत होती. डोळे उघडले तर मुलगी दारात उभी, हातात दुधाचं पातेलं. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिची नजर डोळ्यांकडे नव्हती, ओठांकडे होती. बाईंनी ओठ मिटले. मुलगी आत गेली, पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाजसुद्धा आला नाही, आणि त्या दिवशी ती अर्धवट जेवून उठली. पोट बरं नाही म्हणाली. तेव्हा बाईंनी ते खरं मानलं होतं. आता हॉलच्या दारातलं ते वाक्य त्या सकाळीला नेऊन जोडलं की सगळं चपखल बसत होतं, दोन काचा एका चौकटीत बसाव्यात तसं. वरून म्हणायचं जा, आणि देवाला सांगायचं जाऊ देऊ नकोस. हे ढोंग नव्हे तर काय? आणि हे तिला कळलं असेल, तर ती इथून जाताना ओझं म्हणून तेवढंच घेऊन जाईल. दूरच्या शहरात कुठल्यातरी खोलीत, दिवा मालवताना तिला आईची आठवण येईल ती हीच: ओठ हलतायत, आणि काय म्हणतायत ते तिला वाचता येतंय.

दुसऱ्या दिवसापासून बाई पहाटे भिंतीकडे तोंड करून जपाला बसू लागल्या. बसल्यावर लक्षात आलं, आजवर आपण असं कधी बसलो नव्हतो आणि ज्याला संशय आला असेल त्याचा तो आता पक्का होईल. पण उठून पुन्हा वळून बसणं म्हणजे आणखीच उघडं पडणं. त्या तशाच बसून राहिल्या. भिंतीला एक बारीक तडा होता, तो त्यांनी पाठ केला. घरात मुलगी असली की त्या कान देऊन असायच्या. ती फोनवर बोलता बोलता आई आली की आवाज खाली आणायची. आईसारखाच बारीक आवाज काढायची, आणि बाईंना कळत नसे की हे लपवणं आहे का वेडावणं. कपाटातली राखी शाल दिसेना. “माझी शाल?” असं बाईंनी विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, “धुवायला टाकली असशील.” दोरीवर शाल नव्हती. एका संध्याकाळी मौनाच्या वेळी न्हाणीघराच्या दाराच्या फटीतून दिसलं: मुलगी आरशासमोर उभी, मान किंचित पुढे, एक हात पोटाशी धरलेला, आणि ओठ हलतायत. भराभर. आवाज नाही. बाईंच्या मनात पाल चुकचुकली नाही, चांगली चालत गेली. त्यांना ओठ वाचायचे होते, पण फटीतून आरशातलं तोंड अर्धंच दिसत होतं आणि अर्धे ओठ त्यांना कधी वाचता आले नव्हते. मुलीनं आरशातूनच त्यांना पाहिलं. ओठ थांबले. “दात दुखतोय,” ती म्हणाली, आणि हसली.

“अहो,” मौन सुटल्यावर जेवताना बाई नवऱ्याला म्हणाल्या, मुलगी आत असताना, “ती माझ्याबद्दल काही बोलते का तुमच्याशी?”

“अगं, ती माझ्याशी बोलते कुठं? तुमचं काय ते तोंडातल्या तोंडात.” त्यानं त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, दिव्यापुढे धरला. “बघ, किती बोटं उमटलीत. यातून तुला कोण सरळ दिसणार?”

“थट्टा नको.”

“मग विचार ना तिलाच सरळ.”

सरळ! सरळ विचारायचं म्हणजे, तू माझे ओठ वाचलेस का? आणि ती हो म्हणाली तर? नाही म्हणाली, तर ते तरी कशावरून खरं? इतकी वर्षं बाईंना वाटत आलं होतं की हळू बोलणाऱ्या माणसाचं कुणी काही वाकडं करू शकत नाही, कारण त्यानं कुणाच्या अंगावर शब्दच टाकलेला नसतो. आता कळत होतं, हळू बोलणाऱ्याच्या भोवती लोक हवे ते शब्द घालून घेतात.

निरोपाचा दिवस उजाडला तो नेहमीसारखाच. हॉलमध्ये खुर्च्या लावल्या होत्या, पुढे शिक्षकांच्या, मागे मुलांच्या, आणि अगदी शेवटी वर्गातला तो शेवटचा बाक मुलांनी उचलून आणून मुद्दाम ठेवला होता. त्यावर त्याचे मूळ मालक बसले होते, राजासारखे पाय पसरून. भाषणं लांबली. मुख्याध्यापकांनी ‘उज्ज्वल भवितव्य’ इतक्या वेळा म्हटलं की मागून कुणीतरी दर वेळी शिट्टी वाजवू लागलं. मग मुलांचा कार्यक्रम. चित्रकलेच्या सरांना रिकामी चौकट भेट मिळाली. ‘सर वर्गात असतानाचं चित्र’ असं खाली लिहिलेलं. सर इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले, आणि डोळे पुसायला ते जरा जास्तच वेळ घेत राहिले. खिडक्या काळ्या झाल्या, दिवे लागले. बाईंचं मौन सुरू झालं. त्यांनी माळ मुठीत घेतली. बरं झालं, असं त्यांच्या मनात आलं. आता काहीही झालं तरी मला बोलावं लागणार नाही. आणि लगेच, कार्यक्रमाची वेळ मुलांनी अशी मुद्दामच ठेवली असेल का? बोलता येणार नाही तेव्हाच गाठायचं?

भोंगा रंगमंचावर आली. तिला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती, तिनं तो बाजूला सारला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. “आणि आता,” ती ओरडली, “सगळे ज्याची वाट बघतायत ते. बाईंचं सोंग!”

बाईंच्या हातातली माळ जागच्या जागी थांबली. बाईंचं सोंग. त्यांनी ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं, एकदा तिच्या आवाजात, एकदा दाराआडून. बाईंचं सोंग द्या ना मला, घरात रोज बघते मी. आईचं नाही. ढोंग नाही. एवढंच. पंख्याची घरघर, लोटलेलं दार, आणि चौथ्या बाकावरून सहाव्यावर जाताना शब्दाचं व्हायचं तेच झालेलं. समासाचं सामान. त्यांना हसू यायला हवं होतं. छातीवरचं काहीतरी उतरायला हवं होतं, आणि अर्धं उतरलंही, पण उरलेलं अर्धं जागचं हललं नाही. ते दार माझ्याच कानाचं होतं. तिनं ‘स’ म्हटला होता, हवेसारखा, दातांतून निघून जाणारा. त्याचा ‘ढ’ मी केला. तो मला कुठून मिळाला? माझ्याकडे तयार होता म्हणूनच ना?

मुलगी विंगेतून आली. राखी शाल, वडलांच्या दुकानातला बिनकाचेचा चष्मा, मान किंचित पुढे. हॉल फुटला. तिनं पुस्तक उघडलं, ओठ हलवले, आवाज नाही. भोंगा खाली पहिल्या रांगेसमोर येऊन उभी होती, तिनं मागे वळून बोंब ठोकली: “बाई म्हणतायत, समास सोडवा!” मधल्या खुर्च्यांवरून कुणीतरी ओरडलं, “सामान सोडवा!” शेवटच्या बाकावरचे उठले आणि खरोखर एक वळकटी सोडू लागले. “नायिका विरहाने व्याकूळ!” “नायिका विहिरीने व्याकूळ!” “उद्या निबंध आणा!” आणि शेवटचा बाक आपला बाक उचलून हॉलबाहेर चालू लागला; त्यांना शिपायानं दारातून परत आणलं. मुख्याध्यापक हसत होते. बाई हसत होत्या, आवाज न काढता, खांदे हलवत. किती बारकाईनं पाहिलंय हिनं. फळ्यावरचा खडू झटकताना आपण करंगळी वर धरतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग भोंग्यानं सांगितलं, “परीक्षा! बाई पहाऱ्यावर!” आणि मुलगी पायऱ्या उतरून खुर्च्यांच्या रांगांतून फिरू लागली. एक हात शालीखाली पोटाशी, तिथं बोटं मणी ओढल्यासारखी हलतायत, नजर पोरांवर, आणि ओठ चालू. भराभर, अखंड. हे आरशातलं. पोरं हसत होती, कुणी कॉपी लपवल्याचा अभिनय करत होतं. ती एकेक रांग ओलांडत पुढे आली, शिक्षकांच्या रांगेत वळली, चित्रकलेच्या सरांना चष्म्यावरून दम दिला, आणि बाईंच्या समोर येऊन थांबली.

बाईंना वाचायचं नव्हतं. पण जे वाचता येतं ते न वाचणं माणसाच्या हातात नसतं. किल्ली. दूध. मोजे. साबण. साबण म्हणताना तिच्या डोळ्यांत ते चार वर्षांचं हसू क्षणभर येऊन गेलं. म्हणजे नामाच्या जागी काय काय असतं हे हिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर दाखवूनही तिनं ते कुणालाही कळू दिलं नव्हतं. हलणारे ओठ सगळ्यांचे होते, शब्द एकटीसाठी. मग हसू गेलं. ओठांचा चंबू झाला. जाऊ. आणि पुढे? ओठ फाकले, मिटले नाहीत. दे? का नये? आतली जीभ दिसत नव्हती. हे दोन्ही दातांच्या मागेच घडतं, ओठांवर त्याचा फरक धड उमटत नाही. जाऊ. परत तेच. जाऊ. बाई बघत राहिल्या. ही माझंच मला दाखवतेय, का माझ्याकडे काही मागतेय? त्या पहाटे पातेलं घेऊन ती दारात उभी होती तेव्हा तिलाही हे नीट दिसलं नसेल का? तिलाही मग इतके दिवस हाच प्रश्न पडला असेल, आई काय म्हणत होती? माझ्यासारखीच तीही अंधारात एक शब्द धरून बसली असेल?

मुलगी सरळ झाली. बाईंच्या त्या तिसऱ्या बाकापर्यंतच पोचणाऱ्या आवाजात तिनं विचारलं, “मागे ऐकू आलं का?”

“नाही!” अख्खा हॉल ओरडला. “बाई, ऐकू नाही आलं!” पाय, बाकं, शिट्ट्या. ती वळून रंगमंचाकडे निघाली. तिचं काम संपलं होतं. शालीचं एक टोक जमिनीवरून ओढलं जात होतं.

बाई उभ्या राहिल्या. का उठलात म्हणून शेजारच्या सरांनी वर पाहिलं. दिवे केव्हाच लागले होते, जेवण व्हायचं होतं, हे सगळं त्यांना आठवत होतं. “ऐकू नाही आलं,” बाई म्हणाल्या.

हशात ते कुणाला कळलंच नाही. पण पहिल्या रांगेसमोर उभ्या असलेल्या भोंग्यानं इतक्या वर्षांच्या सवयीनं कान दिला होता. ती वळली आणि सगळ्या हॉलला सांगितलं, “बाई म्हणतायत, ऐकू नाही आलं!”

मग जो हशा झाला तो दिवसभरातला सगळ्यात मोठा. बाईंनीही सोंगात भाग घेतला असं सगळ्यांना वाटलं. चित्रकलेचे सर टाळ्या वाजवत उभे राहिले. शेवटचा बाक नाचू लागला. फक्त मुलगी हसली नाही. ती जिथल्या तिथं थांबली होती. दिवेलागणीनंतर बाई बोलल्या, याचा अर्थ त्या हॉलमध्ये तिला एकटीला कळला होता.

“परत सांग,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटल्यासारखा झाला. “मला ऐकू नाही आलं.”

मुलगी वळली. तिनं तो बिनकाचेचा चष्मा काढला. ती बराच वेळ त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली, ओठांकडे नाही.

“जाऊ दे,” ती म्हणाली. तिचा आवाज अजून बाईंचाच होता. तिनं मान हलवली, आणि मग स्वतःच्या आवाजात, मोठ्यानं, “जाऊ दे, आई.”

पोरं पुन्हा हसली. भोंग्याला ते मागे सांगावं लागलं नाही.